काल्पनिक राष्ट्रांची सभा आणि सुधारणेची अर्जदस्त : 'नेशनस्टेट्स' या खेळातील जागतिक सभेचा चिकित्सक अभ्यास

प्रास्ताविक

संत एकनाथांच्या भारुडवाङ्मयात अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र अशी सरकारी कागदांची रूपे धारण केलेल्या रचना आढळतात. सोळाव्या शतकातील कचेऱ्यांत जी भाषा चालत असे तीच भाषा, तोच मायना आणि तेच फारसी शब्द या रचनांत येतात. मात्र गाव देहाचे असते, अंमलदार काम-क्रोधादी विकार असतात आणि धनी परमेश्वर असतो. नसलेल्या राज्याचा कारभार असलेल्या राज्याच्या भाषेत लिहिण्याची ही रीत मराठी वाचकाला म्हणूनच नवी नाही. आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेळापुरी मुक्कामाला येते. या वाटेवर भारुडातील सोंगे पाहिलेल्या सामान्य श्रोत्यालाही सोंग आणि सोंग घेणारा माणूस यांतील अंतर सांगावे लागत नाही. तो दोघांकडे एकाच वेळी पाहू शकतो.

अर्जदस्त या प्रकारात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. अर्ज लिहिणारा गावातील बिघाडाचे वर्णन तपशीलवार करतो, कोणता अंमलदार कसा माजला आहे हे सांगतो, परंतु तो स्वतः त्या गावाचा कायदा बदलू शकत नाही. त्याला धन्याकडेच जावे लागते आणि धनी गावाच्या बाहेर असतो. सुधारणेची मागणी आत जन्म घेते व निकाल बाहेर होतो, ही या रूपाची मूलभूत रचना होय.

प्रस्तुत लेखात याच दृष्टीने एका अगदी वेगळ्या काळातील व वेगळ्या माध्यमातील काल्पनिक कारभाराची चिकित्सा केली आहे. 'नेशनस्टेट्स' या संगणकीय खेळात जगभरातील खेळाडू काल्पनिक राष्ट्रे निर्माण करतात व त्या राष्ट्रांची एक आंतरराष्ट्रीय संघटना चालवतात. या संघटनेचे सध्याचे नाव 'वर्ल्ड असेम्ब्ली' असे आहे. पुढील विवेचनात तिला जागतिक सभा म्हटले आहे. या सभेत सुधारणा करण्याचे प्रयत्न सातत्याने होत आले आहेत. ते कोठे यशस्वी होतात आणि कोठे अडतात, हा या लेखाचा विषय आहे. खेळ म्हणून या गोष्टीकडे दुर्लक्ष करण्याची प्रवृत्ती आपल्याकडील राज्यशास्त्राच्या अभ्यासकांत दिसते. सोंगांना वाङ्मय म्हणून स्वीकारणाऱ्या परंपरेत ही उपेक्षा काहीशी विसंगत वाटते.

खेळाचे स्वरूप व सभेची घडण

ऑस्ट्रेलियन कादंबरीकार मॅक्स बॅरी यांनी हा खेळ नोव्हेंबर २००२ मध्ये सुरू केला. जानेवारी २००३ मध्ये त्यांची 'जेनिफर गव्हर्नमेंट' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या प्रसिद्धीसाठी काढलेला हा खेळ दोन दशके उलटून गेल्यावरही चालू आहे. जाहिरातीने मूळ मालापेक्षा अधिक आयुष्य मिळवावे, अशी उदाहरणे वाङ्मयव्यवहारात फारशी नसावीत.

खेळाडू आपल्या राष्ट्राला नाव, ब्रीदवाक्य, चलन, राष्ट्रीय प्राणी देतो. त्याच्यापुढे नियमाने काही पेचप्रसंग मांडले जातात, त्यांवर तो निर्णय घेतो आणि त्या निर्णयांनुसार त्याच्या राष्ट्रातील नागरी हक्क, अर्थव्यवस्था व राजकीय स्वातंत्र्य यांची प्रत ठरते. युद्धाची यंत्रणा खेळात नाही. युद्ध करायचेच असेल तर दोन खेळाडूंनी ते लिहून करावे लागते. एकाने आक्रमण लिहावे आणि दुसऱ्याने आपला पराभव किंवा प्रतिकार लिहावा. पराभव दुसऱ्याच्या संमतीशिवाय होत नाही, हा या लेखनव्यवहाराचा अलिखित नियम आहे.

जागतिक सभेचे तसे नाही. तिचे सदस्यत्व ऐच्छिक आहे. परंतु एकदा ते घेतले की संमत झालेला ठराव सदस्य राष्ट्राच्या कायद्यात आपोआप उतरतो. खेळाडूची संमती त्यासाठी पुन्हा विचारली जात नाही. राष्ट्रे प्रदेशांत विभागलेली असतात. प्रदेशातील सदस्य राष्ट्रे ज्याला सर्वाधिक पाठिंबा देतात ते राष्ट्र त्या प्रदेशाचा प्रतिनिधी होते. ठरावाचा मसुदा कोणीही सदस्य मांडू शकतो असे सामान्यतः म्हटले जात असले तरी तो मतदानास येण्यापूर्वी प्रतिनिधींपैकी ठरावीक प्रमाणात अनुमोदन मिळवावे लागते. त्यानंतर सर्व सदस्य मतदान करतात व साध्या बहुमताने निर्णय होतो. एका व्यक्तीला खेळात कितीही राष्ट्रे चालवता येतात, मात्र सभेत तिचे एकच राष्ट्र सदस्य होऊ शकते.

हा शेवटचा नियम वरवर पाहता किरकोळ शिस्तीचा वाटतो. प्रत्यक्षात सभेचे सारे प्रातिनिधिक मूल्य त्यावर उभे आहे. खऱ्या जगातील संघटनेला ही शिस्त पाळता आलेली नाही. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची स्थापना झाली तेव्हा सोव्हिएत संघाबरोबरच त्याचेच घटक असलेले युक्रेन आणि बेलोरशिया यांनाही स्वतंत्र सदस्य म्हणून प्रवेश मिळाला. खेळाच्या भाषेत सांगायचे तर एका खेळाडूने तीन राष्ट्रे सभेत बसविली आणि सर्वांनी ते जाणूनबुजून मान्य केले.

भारताचे त्या वेळचे सदस्यत्वही या संदर्भात तपासण्यासारखे आहे. सॅन फ्रान्सिस्को येथे २६ जून १९४५ रोजी सनदेवर सही करणारा भारत स्वतंत्र नव्हता. सर ए. रामस्वामी मुदलियार यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळ ब्रिटिश सरकारने नेमलेले होते. हे शिष्टमंडळ भारताचे प्रतिनिधित्व करीत नाही, असे विजयालक्ष्मी पंडित यांनी परिषदेच्या बाहेर राहून तेथेच जाहीरपणे मांडले. पुढे १९५३ मध्ये त्याच संघटनेच्या आमसभेच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली आणि १९६२ ते १९६४ या काळात त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या. खऱ्या सभेतही राष्ट्राचे सोंग घेतले जाते आणि ते सोंग आहे असे सांगणारा माणूस सभागृहाच्या बाहेर उभा असतो, याचे हे उदाहरण होय.

मजकुराची बंधने

जागतिक सभेचे ठराव वाचताना प्रथम जाणवतो तो त्यांच्या भाषेचा काटेकोरपणा. उद्देशिका, व्याख्या, आदेशात्मक कलमे, अपवाद ही सारी रचना संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांवरून उचललेली आहे. अनुकरणाच्या पलीकडे जाऊन या लेखनाला स्वतःचे वळण मिळाले ते मात्र काही बंधनांमुळे.

पहिले व सर्वांत महत्त्वाचे बंधन असे की संमत ठरावात दुरुस्ती करता येत नाही. एखादे कलम चुकले, एखादी व्याख्या सैल राहिली, तर संपूर्ण ठरावाचे निरसन करावे लागते आणि मग नवा ठराव आणावा लागतो. निरसनाच्या ठरावात नवा कायदा घालण्याची मुभा नसते. मूळ ठराव का रद्द व्हावा याची कारणे तेवढी द्यावयाची. दुसरे बंधन, एका ठरावाने आपला आधार दुसऱ्या ठरावावर ठेवू नये. मूळ ठरावाचे निरसन झाले तर त्यावर उभे असलेले सारे कोसळेल, या भीतीने हा नियम आला आणि खेळाडूंनी त्याला दिलेले नाव मराठीत जसेच्या तसे येते : पत्त्यांचा बंगला. याखेरीज चालू ठरावाशी विसंगत मसुदा येऊ नये, खऱ्या जगातील देश, व्यक्ती वा घटना यांचा उल्लेख असू नये, सभेला स्वतःचे सैन्य असू नये, अशीही बंधने आहेत.

या बंधनांचा वाङ्मयीन परिणाम दुहेरी आहे. पत्त्यांच्या बंगल्याचा नियम प्रत्येक ठरावाला स्वयंपूर्ण बनवतो. ठरावाला आपल्या व्याख्या आपल्यासोबत वागवाव्या लागतात आणि त्यामुळे त्याचा मजकूर एखाद्या लहानशा ग्रंथासारखा होतो. परंतु यामुळेच सभेचा कायदा कधी परस्परांत गुंफला जात नाही. तो शेजारी शेजारी ठेवलेल्या कागदांची चळत राहतो. विधिशास्त्राच्या अभ्यासकाला ही उणीव वाटेल. आणि ती उणीव आहेच.

निरसनाचा ठराव हा मात्र या साऱ्या लेखनव्यवहारातील सर्वांत सकस प्रकार म्हटला पाहिजे. त्याला नवे काही उभारायचे नसते. दुसऱ्याच्या मजकुराचे वाचन करणे, त्यातील शब्द नेमका कोठे सैल आहे, हेतू आणि कलम यांत कोठे अंतर पडले आहे हे दाखविणे एवढेच त्याचे काम. हे काम टीकाकाराचे आहे. आपल्या विधिमंडळांतून वा विद्यापीठांच्या सभांतून दुरुस्ती सुचविताना 'अमुक शब्दाऐवजी तमुक शब्द घालावा' एवढे सांगून भागते; तो शब्द का चुकला हे लिहून द्यावे लागत नाही. या सभेत कारण लिहिल्याशिवाय कायदा रद्दच होत नाही. ठराव रद्द करणे हे इतके खर्चिक असल्यामुळे वाचन खोल होते. दुरुस्तीची सोय नसणे हा संघटनेचा दोष असेल, पण तिच्या गद्याचा तो गुण ठरला आहे.

तथापि या गुणाचा गैरवापरही झाला. विसंगत मसुदा येऊ शकत नाही, या नियमाचा आधार घेऊन आधीच एक सौम्य ठराव संमत करून ठेवायचा, म्हणजे त्या विषयावर कडक ठराव येण्याची वाट बंद होते. सभेच्या आरंभीच्या ठरावांपैकी दहावा ठराव अण्वस्त्रे बाळगण्याच्या हक्काविषयी आहे. सदस्य राष्ट्रांना स्वसंरक्षणासाठी अण्वस्त्रे बाळगता येतील, असे तो सांगतो. त्याचा खरा उपयोग, तो असेपर्यंत निःशस्त्रीकरणाचा ठराव येऊ न देण्याचा आहे. राष्ट्रीय सार्वभौमत्वाचा कैवार घेणारा पक्ष आणि आंतरराष्ट्रीय कायद्याचा विस्तार इच्छिणारा पक्ष, या दोन गटांतील वाद सभेच्या आरंभापासून चालू आहे. त्यात अडवणुकीचे असे ठराव हे पहिल्या पक्षाचे मुख्य हत्यार राहिले. रिकामी जागा व्यापून ठेवण्यासाठी कायदा करणे ही गोष्ट केवळ खेळातच घडते असे मानण्याचे कारण नाही.

सुधारणा कोठे अडते

सभेवरील सर्वांत जुनी तक्रार मतांच्या वजनाविषयी आहे. सामान्य सदस्याला एक मत असते. प्रतिनिधीला मात्र त्याच्या प्रदेशात त्याला जितक्या राष्ट्रांचा पाठिंबा असेल तितकी जादा मते मिळतात. नवी राष्ट्रे काही ठरावीक प्रदेशांत जन्माला येतात. त्या प्रदेशांच्या प्रतिनिधींकडे साहजिकच मोठा पाठिंबा साचतो आणि त्यांच्या एका मताने पारडे शेकडो मतांनी झुकते. मतदान सुरू होताच हे प्रतिनिधी कोणत्या बाजूला गेले हे सर्वांना दिसते. मागाहून येणारे पुष्कळसे सदस्य मजकूर न वाचता वाहत्या बाजूला मत देतात, अशीही तक्रार होत आली आहे. मसुदा महिनोन् महिने घासूनपुसून तयार करणाऱ्याच्या दृष्टीने ही स्थिती क्लेशदायक आहे.

यावर उपाय काय? मतांचे वजन कमी करावे, असा ठराव सभेपुढे आणता येत नाही. खेळाची यंत्रणा बदलू पाहणारा मसुदा नियमबाह्य ठरतो. सभा बालकामगारांवर कायदा करू शकते, सागरी सीमांवर, साथीच्या रोगांवर, यातनांच्या बंदीवर करू शकते. स्वतःची मतदानपद्धती तेवढी तिच्या कक्षेबाहेर आहे. सर्व गोष्टींवर कायदा करण्याचा अधिकार असलेली ही सभा स्वतःविषयी कायदा करू शकत नाही. सुधारणा हवी असणाऱ्या खेळाडूला राष्ट्राचे सोंग उतरवून, आपल्या मंत्र्याची वा राजदूताची भाषा सोडून, साध्या माणसाच्या भाषेत मालकाकडे मागणी करावी लागते. येथे अर्जदस्तीचे रूप पुन्हा प्रकट होते.

या सभेच्या इतिहासातील सर्वांत मोठा बदलही कोणत्याही ठरावाने झालेला नाही. आरंभी तिचे नाव संयुक्त राष्ट्रे असेच होते आणि चिन्हही त्या संघटनेच्या चिन्हाशी मिळतेजुळते होते. जानेवारी २००८ मध्ये खऱ्या संयुक्त राष्ट्रांकडून नाव व चिन्ह यांच्या अनधिकृत वापराविषयी बॅरी यांना पत्र आले. १ एप्रिल २००८ रोजी जुनी संघटना संपुष्टात आली व जागतिक सभा अस्तित्वात आली. तोवर संमत झालेले दोनशेंहून अधिक ठराव इतिहासजमा झाले. नव्या सभेने पहिल्या क्रमांकापासून सुरुवात केली. पाच वर्षांचा कायदा एका दिवसात नाहीसा झाला. काल्पनिक राष्ट्रांच्या संघटनेला विसर्जित करण्याचे निमित्त खऱ्या राष्ट्रांच्या संघटनेने व्हावे, ही घटना एखाद्या कादंबरीकाराने रचली असती तर ओढूनताणून आणलेली वाटली असती.

या विसर्जनाकडे केवळ हानी म्हणून पाहणे योग्य होणार नाही. जुन्या ठरावांत विसंगती साचल्या होत्या आणि एकेकाचे निरसन करीत बसणे अवघड होते. कोऱ्या पाटीमुळे नव्या सभेला आपले सार्वभौमत्वविषयक तत्त्व प्रारंभीच मांडता आले. तिच्या दुसऱ्याच ठरावात सदस्य राष्ट्रांचे हक्क व कर्तव्ये सांगितली असून राष्ट्रांतील सशस्त्र संघर्षांत सभा तटस्थ राहील असेही त्यात नमूद आहे. सैन्य नसावे हे बंधन बाहेरून आलेले होते; सदस्यांनी ते आपल्या कायद्याच्या भाषेत आत घेतले. लादलेल्या मर्यादेला तत्त्वाचे रूप देणे ही खेळाडूंची कृती राजकीयदृष्ट्या शहाणपणाची आहे, पण तिला स्वातंत्र्य म्हणता येईल की नाही याविषयी शंका राहते.

त्यानंतर २००९ मध्ये सुरक्षा परिषद आली. नाव परिचित असले तरी काम वेगळे आहे. राष्ट्रांचा वा प्रदेशांचा गौरव करणे, निषेध करणे आणि बळकावल्या गेलेल्या प्रदेशाची दारे खुली करणे ही तिची आरंभीची कामे. नकाराधिकार तिच्यात कोणालाच नाही. हीही यंत्रणा मालकाच्या बाजूने आलेली आहे.

खेळाडूंच्या हाती प्रत्यक्ष अधिकार आला असे एकच ठळक उदाहरण देता येईल. मसुदा नियमात बसतो की नाही हे पूर्वी खेळाचे नियामक ठरवीत. २०१६ मध्ये हे काम सभेतील जाणकार खेळाडूंच्या एका सचिवालयाकडे सोपविण्यात आले. नियम बदलण्याचा नव्हे, तर नियमांचा अर्थ लावण्याचा अधिकार त्यांना मिळाला. न्यायालयांचा इतिहास माहीत असलेल्या वाचकाला या दोहोंतील अंतर किती अरुंद असते हे सांगावयास नको. त्यांचे निर्णय कारणांसह लिहिले जातात, त्यांत मतभेदही नोंदविले जातात. सुधारणेची जी वाट ठरावाने मिळाली नाही ती काही अंशी अर्थनिर्णयाने मिळाली.

तोफांची सलामी आणि पाठिंब्याची मते

बाहेरच्या धन्यावर अवलंबून असलेल्या सभा आपल्या इतिहासात शोधाव्या लागत नाहीत. ८ फेब्रुवारी १९२१ रोजी दिल्ली येथे नरेंद्र मंडळाचे उद्घाटन झाले. त्यात १०८ संस्थानिक स्वतःच्या अधिकाराने सदस्य होते आणि १२७ लहान संस्थानांना मिळून १२ प्रतिनिधी पाठविता येत होते. कोणी स्वतः बसावे आणि कोणी प्रतिनिधीमार्फत, हे प्रामुख्याने तोफांच्या सलामीवरून ठरले होते. सलामीच्या तोफा वाढविणे वा कमी करणे हे मंडळाच्या हाती नव्हते, ब्रिटिश सरकारच्या हाती होते. व्हाइसरॉय मंडळाचा अध्यक्ष होता. मंडळाचे स्वरूप सल्लागाराचे होते व एखाद्या संस्थानाचे करार किंवा त्याचा अंतर्गत कारभार यांची चर्चा मंडळात करता येत नसे. हैदराबाद व म्हैसूर यांसारखी मोठी संस्थाने त्यापासून दूरच राहिली. जागतिक सभेच्या प्रतिनिधीला निदान आपला पाठिंबा मिळवावा लागतो आणि तो गमावताही येतो; तोफांच्या बाबतीत तेवढीही हालचाल नव्हती.

दक्षिण महाराष्ट्रातील लहान संस्थानांनी केलेला प्रयोग याहून अधिक प्रामाणिक होता. सांगली, औंध, भोर, फलटण, रामदुर्ग, थोरले व धाकटे मिरज आणि थोरले कुरुंदवाड अशा आठ संस्थानांनी १९४७ मध्ये एकत्र येऊन संघराज्याचा करार केला. त्यांचे प्रदेश नकाशावर विखुरलेले होते. आजच्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे सांगली संस्थानाकडे होते, तर जिल्ह्याच्या सीमेलगतची आटपाडी औंधाकडे. अशा तुकड्यांना जोडणारा महसूल, पोलीस, रस्ते यांपैकी एकही धागा भक्कम नव्हता. कराराचा मसुदा चांगला असून चालणार नव्हते. ८ मार्च १९४८ रोजी ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि संघ काही महिन्यांतच इतिहासजमा झाला. सार्वभौमत्वाचा आधार बाहेर होता तो निघून गेला आणि प्रजेला संघापेक्षा विलीनीकरण जवळचे वाटले. २००८ मधील विसर्जनाशी याची तुलना मर्यादित अर्थानेच करता येते. खेळाडूंचे फक्त ठराव गेले. येथे राजांची राज्ये गेली आणि रयतेला मताधिकाराचे राज्य मिळाले.

खऱ्या संयुक्त राष्ट्रांचा विचार केला तर तेथे धनी बाहेर नसून सभागृहातच बसलेले आहेत, एवढाच फरक दिसतो. सनदेच्या १०८ व्या कलमानुसार दुरुस्तीला दोनतृतीयांश सदस्यांची मान्यता लागते आणि त्या दोनतृतीयांशांत सुरक्षा परिषदेचे पाचही स्थायी सदस्य असावे लागतात. १०९ व्या कलमात सनदेच्या फेरविचारासाठी परिषद बोलाविण्याची तरतूद आहे. दहाव्या वार्षिक अधिवेशनापर्यंत ती झाली नाही तर तो प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा असेही म्हटले आहे. १९५५ मध्ये प्रश्न घेण्यात आला, योग्य वेळी परिषद घ्यावी असे तत्त्वतः ठरले, आणि ती योग्य वेळ अद्याप आलेली नाही. सुरक्षा परिषदेची सदस्यसंख्या ११ वरून १५ करणारी दुरुस्ती १९६३ मध्ये संमत होऊन १९६५ मध्ये अमलात आली. तिने अस्थायी जागा वाढविल्या. नकाराधिकाराला हात लावला नाही. सप्टेंबर २०२४ मधील 'भविष्यासाठीचा करार' सुरक्षा परिषदेच्या सुधारणेविषयी पुष्कळ काही बोलतो, पण दुरुस्तीचा दरवाजा १०८ व्या कलमातूनच आहे.

असे असता काल्पनिक सभेचे वेगळेपण कशात आहे? ते बाहेर पडण्याच्या सुलभतेत आहे. जागतिक सभेचे सदस्यत्व एका कळीसरशी सोडता येते व पुन्हा घेताही येते. नको असलेला ठराव संमत झाला की राजीनामा देणे, निरसन झाले की परत येणे, असे घडते. काही खेळाडू सदस्य राहूनही आपल्या लेखनात ठराव धाब्यावर बसवितात. यंत्रणेतील आकडे बदललेले असतात आणि कथेतील राष्ट्र मात्र जुन्याच कायद्याने चालू असते. एकाच राष्ट्राची ही दोन आयुष्ये एकमेकांना खोटे ठरवीत नाहीत. याउलट राष्ट्रसंघातून जपान व जर्मनी यांनी १९३३ मध्ये घेतलेल्या निर्गमनाची किंमत साऱ्या जगाने मोजली. जेथे बाहेर पडणे फुकट आहे तेथे आत राहून वाद घालणारा सदस्य केवळ हौसेने राहिलेला असतो. सभेतील सकस मसुदे याच हौसेतून आलेले आहेत. परंतु त्यावरून खऱ्या संघटनांच्या सुधारणेचे धडे काढू पाहणाऱ्याने ही गोष्ट विसरता कामा नये. भुकेने, कर्जाने वा शेजाऱ्याच्या सैन्याने सभेत जखडून ठेवलेले राष्ट्र या खेळात नाही.

महाविद्यालयीन अभिरूप सभा

आपल्या शिक्षणव्यवस्थेत या प्रकाराला जवळची गोष्ट म्हणजे अभिरूप संसद. केंद्रीय संसदीय कार्य मंत्रालयाची युवा संसद योजना १९६० च्या दशकापासून चालू असून महाविद्यालयांतूनही तिच्या धर्तीवर स्पर्धा होतात. मोठ्या शहरांतील संस्थांत अभिरूप संयुक्त राष्ट्रांच्या बैठका भरतात. त्यांची भाषा बहुधा इंग्रजी असते आणि सहभागाचे शुल्क ग्रामीण विद्यार्थ्याला परवडेलच असे नाही. त्यामुळे तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याला आंतरराष्ट्रीय संघटनेची ओळख पाठ्यपुस्तकातील कलमांच्या यादीतूनच होते.

अभिरूप संसदेची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. प्रश्नोत्तराचा तास, शून्य प्रहर, विधेयकाचे वाचन यांचा क्रम विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडतो, चारचौघांत उभे राहून बोलण्याची भीड मोडते. परंतु गुणांकनाचा भर शिस्त, कार्यपद्धती व वक्तृत्व यांवर असल्यामुळे प्रयोग आधी लिहून, पाठ करून व तालीम घेऊन सादर केला जातो. विरोधी पक्षनेता कोठे संतापेल, सभात्याग कोणत्या क्षणी होईल, हे ठरलेले असते. नियमांवर आक्षेप घेण्याचा प्रसंग आला तरी तोही संहितेतला असतो. जागतिक सभेतील खेळाडूला मतदानपद्धती बदलता येत नाही, हे खरे. पण ती बदलता येत नाही हे त्याला स्वतः मसुदा नाकारला जाऊनच कळते. अर्जदस्त लिहिण्यासाठी प्रथम गावचा बिघाड दिसावा लागतो.

यासाठी संगणकीय खेळच हवा असे नाही. सदस्यांनी स्वतः लिहिलेली लहानशी सनद, प्रत्येकाला एक मत, दुरुस्तीला बंदी आणि निरसनाला लेखी कारणांची सक्ती, एवढ्या सामग्रीवर राज्यशास्त्राच्या किंवा मराठीच्या वर्गात एका सत्राचा उपक्रम उभा राहू शकतो. निरसनाचा मसुदा लिहिताना विद्यार्थ्याला दुसऱ्याचे गद्य शब्दाशब्दाने वाचावे लागेल. उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमात ठरावलेखनाला जे स्थान आहे त्याला यातून काही अर्थ येईल. अडचण वेळापत्रकाची नाही. उपक्रमाचा निकाल आधी सांगता येत नाही, ही आहे. पाहुण्यांपुढे सादर करावयाच्या अभिरूप संसदेत विधेयकावर आवाजी मतदान होते तेव्हा अध्यक्षांच्या हातातील टंकलिखित कागदावर 'विधेयक संमत झाले आहे' हे वाक्य बहुधा आधीच छापलेले असते, आणि त्याखाली राष्ट्रगीताची सूचना असते.